बाळ लेस्टरला, पत्ता सोलापूरचा: परदेशात जन्मलेल्या मुलाची भारतीय नोंद कशी करायची

आमच्या मुलाचं बारसं एकाच वेळी दोन गावांत झालं. पाळणा लेस्टरच्या भाड्याच्या घरात आणि पाळणा म्हणणाऱ्या बायका सोलापुरात, साखर पेठेत, मोबाइलच्या पडद्यावर. आत्यानं फोनमध्येच ‘कुर्र’ केलं. सुंठवडा वाटून झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, “पोराचा दाखला आपल्या महापालिकेत कधी काढायलाव?” आम्ही दोघं हसलो. पुढच्या काही महिन्यांत कळलं, की त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता, कार्यालय तेवढं चुकलं होतं.

आता आम्ही परत सोलापुरात आहोत. ओळखीपाळखीतली लेकरं दुबईला, सिंगापूरला, टेक्सासला जन्मतात आणि त्यांचे आजी-आजोबा प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना चहाबरोबर जे सांगते, तेच इथे क्रमानं लिहिते आहे. मी वकील नाही. शुल्क आणि फॉर्मचा नमुना बदलत राहतो, तो अर्ज भरताना आपल्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

आधी एक गाठ सोडवू

लोक ‘जन्माचा दाखला’ म्हणतात तेव्हा तीन वेगवेगळे कागद त्यांच्या डोक्यात एकत्र झालेले असतात. पहिला, बाळ ज्या देशात जन्मलं तिथल्या सरकारचा दाखला. दुसरा, भारतीय दूतावासानं केलेली जन्माची नोंद. तिसरा, पासपोर्ट. पहिल्याशिवाय दुसरा होत नाही आणि दुसऱ्याशिवाय भारतीय पासपोर्ट निघत नाही.

आई-वडील भारतीय म्हणून मूल आपोआप भारतीय, हा समज सगळ्यात महाग पडतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, भारताबाहेर जन्मलेलं मूल वंशानं भारतीय नागरिक ठरतं. आई किंवा वडील यांपैकी एक जण बाळाच्या जन्मावेळी भारतीय नागरिक असला तरी पुरतं. पण ३ डिसेंबर २००४ पासून त्याला अट जोडली गेली: जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद झाली पाहिजे आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-वडिलांनी लिहून दिलं पाहिजे. वर्ष मोजायचं ते जन्मतारखेपासून. तिथला दाखला हातात पडला त्या दिवसापासून नाही.

पहिली पायरी: पासपोर्ट कुठला, हे बाळंतपणाआधी ठरवा

हा निर्णय घरात बसून, शांतपणे आणि शक्यतो सातव्या-आठव्या महिन्यात घ्यावा. नंतर झोप नसते आणि कागदावर सही करताना काय वाचतोय ते कळत नाही.

आखाती देशांत प्रश्नच येत नाही. दुबईत जन्मलं म्हणून कुणी अमिरातीचा नागरिक होत नाही. बाळाला भारतीय पासपोर्टच घ्यायचा. ब्रिटनमध्येही १ जानेवारी १९८३ पासून नुसत्या जन्मानं नागरिकत्व मिळत नाही. आई किंवा वडील ब्रिटिश किंवा तिथे कायम वास्तव्याचा हक्क असलेले हवेत. आम्ही नोकरीच्या व्हिसावर होतो, त्यामुळे आमचा मुलगा लेस्टरला जन्मूनही ब्रिटिश नाही. हे सोलापुरात कुणालाच पटत नाही. “तिथं जन्मलाय म्हणजे तिथला झाला की!” असं अजून ऐकते.

अमेरिका आणि कॅनडाची गोष्ट वेगळी. तिथे जन्मानं नागरिकत्व देण्याची पद्धत आहे. अमेरिकेत २० जानेवारी २०२५ ला त्यावर बंधन घालणारा आदेश निघाला आणि लगेच न्यायालयात गेला, म्हणून तिथे बाळंतपण असेल तर त्या वेळची स्थिती तपासा. बाळाला अमेरिकेचा पासपोर्ट घेतलात तर कलम ४ ची वाट सोडलीत. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मग बाळासाठी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, त्याबद्दल पुढे. आणि अमेरिकी नागरिकानं अमेरिकेत येता-जाता अमेरिकी पासपोर्टच वापरावा, असा तिथला नियम असल्यानं ‘सध्या भारतीय काढू, नंतर बघू’ हा बेत विमानतळावर अडतो.

दुसरी पायरी: नाव आणि स्पेलिंग

यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या पिशव्यांपैकी बहुतेकींचं दुखणं इथेच असतं.

अमेरिकेत बहुतेक दवाखाने घरी सोडण्याआधीच नाव विचारतात. म्हणजे बाराव्या दिवसाची वाट पाहायला सवड नाही. अक्षर काढायचं असेल तर पंचांगवाल्या काकांना आधीच फोन करून ठेवा आणि दोन-तीन नावं तयार ठेवा. इंग्लंडमध्ये नोंदीला ४२ दिवस मिळतात, स्कॉटलंडमध्ये २१. तिथे बारसं निवांत होतं.

आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. परदेशातल्या फॉर्मवर मधल्या नावाचा रकाना असतो किंवा नसतो. जे ठरवाल ते पहिल्या दाखल्यावर जसं उमटेल तसंच पुढे दूतावासात, पासपोर्टवर, शाळेत, दहावीच्या प्रमाणपत्रावर चालत जाणार. वडिलांचं नाव मध्ये घालायचं असेल तर पहिल्याच दाखल्यावर घाला.

स्पेलिंगचं सांगायचं तर ‘सिद्धेश्वर’ हे एकच नाव घ्या. ग्रामदैवताचं नाव, सोलापुरात घरटी एक सापडेल. इंग्रजीत डी एक की दोन, एच एक की दोन, डब्ल्यू की व्ही, शेवटी ए आहे की नाही. आजोबांच्या पेन्शनच्या कागदावर एक, वडिलांच्या पासपोर्टवर दुसरं, लग्नाच्या दाखल्यावर तिसरं. दूतावासातल्या माणसाला सिद्धेश्वर महाराज माहीत नसतात. त्याला तीन वेगळी माणसं दिसतात. म्हणून एकच नियम: आई-वडिलांची नावं त्यांच्या पासपोर्टवर आहेत त्याच अक्षरांत बाळाच्या दाखल्यावर यायला हवीत. नोंद करणारी बाई संगणकावर टाइप करत असताना पासपोर्ट तिच्यासमोर उघडा ठेवा आणि सही करण्याआधी एकेक अक्षर बोट ठेवून वाचा.

आमच्या शेजारच्या तेलुगू घरातल्या मुलाची अडचण आणखी निराळी. त्याच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आणि आडनावासकट सगळं नाव एका ओळीत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीत असे पासपोर्ट पुष्कळ आहेत. बाळाच्या परदेशी दाखल्यावर मग बापाचं पहिलं नावच आडनाव म्हणून छापलं गेलं. ते दुरुस्त करायला त्याला बाळंतपणाची सगळी रजा पुरली नाही. तुमच्या पासपोर्टवर असं असेल तर तो बाळाच्या जन्माआधीच नव्यानं काढून घ्या.

तिसरी पायरी: तिथला दाखला, पूर्ण नमुन्यातला

ब्रिटनमध्ये दाखल्याचे दोन प्रकार असतात. छोट्या दाखल्यावर आई-वडिलांची नावंच नसतात. आम्ही तोच घेऊन दूतावासाचे अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रावर गेलो. तान्हं बाळ, पाऊस, आगगाडीचा प्रवास, आणि खिडकीवरच्या बाईनं कागद परत सरकवला. तिची चूक नव्हती. पण आदल्या दिवशी फोनवर विचारलं तेव्हा “दाखला आणा” एवढंच सांगितलं होतं, कुठला ते नाही. तुम्ही पूर्ण दाखला मागा, आणि एक नको, तीन-चार प्रती काढा. नोंद करतानाच काढलेल्या प्रती सोप्या पडतात. दोन वर्षांनी सोलापुरातून मागवायच्या तर टपालाचे हाल.

एक आजीबाईंसाठी: इंग्लंड-वेल्सच्या दाखल्यावर जन्माची वेळ लिहीत नाहीत, जुळी-तिळी असतील तरच लिहितात. पत्रिका करायची असेल तर वेळ दवाखान्यातल्या नर्सकडून बाळाच्या लाल पुस्तकात, म्हणजे तिथे मिळणाऱ्या तब्येतीच्या नोंदवहीत, लिहून घ्या. आणि ती तिथली घड्याळाची वेळ आहे, हे पत्रिका करणाऱ्यांना सांगायला विसरू नका. आमच्याकडे साडेचार तासांच्या फरकावरून रास बदलते का यावर एक अख्खी संध्याकाळ गेली.

आखातात या पायरीआधी आणखी एक पायरी आहे: लग्नाचा दाखला. अमिरातीत बाळाच्या जन्मनोंदीसाठी आई-वडिलांच्या लग्नाचा साक्षांकित दाखला लागतो. साक्षांकन म्हणजे आधी राज्य शासनाचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग त्या देशाच्या दूतावासाचं. याला वेळ जातो, म्हणून दुबईला जायचं ठरलं की लगेच करून घ्या. लग्नाची पत्रिका आणि मंगल कार्यालयाची पावती कुठेच चालत नाही. विवाह नोंदणीचा दाखला हवा. शहरात लग्न झालं असेल तर महापालिकेकडे, गावात झालं असेल तर ग्रामपंचायतीकडे त्याची नोंद होते. घाई तिथे खरी असते: अमिरातीत जन्मापासून १२० दिवसांत बाळाचा निवासी व्हिसा काढावा लागतो, नाहीतर दर दिवसाला दंड. आणि पासपोर्टशिवाय व्हिसा नाही.

दाखला इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर जोडा.

चौथी पायरी: दूतावासातली नोंद आणि पासपोर्ट

तुम्ही राहता तो भाग ज्या दूतावासाच्या किंवा वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो तिथेच अर्ज करायचा. लेस्टरला आम्हाला बर्मिंगहॅम होतं. नागरिकत्व नियमांतला फॉर्म १ गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वाच्या संकेतस्थळावर भरायचा, छापून सह्या करायच्या. बाळाच्या पासपोर्टचा अर्ज वेगळा. बहुतेक ठिकाणी हे दोन्ही कागद एका खासगी केंद्रामार्फत स्वीकारले जातात आणि एकाच खेपेत देता येतात. देता येत असतील तर एकाच खेपेत द्या.

जोडायचे कागद साधारण असे: बाळाचा पूर्ण दाखला, दोघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, दोघांच्या तिथल्या व्हिसाची किंवा वास्तव्याची प्रत, राहत्या पत्त्याचा पुरावा, बाळाकडे दुसरा पासपोर्ट नसल्याचं दोघांच्या सहीचं प्रतिज्ञापत्र, आणि फोटो. फोटोत पार्श्वभूमी पांढरी, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. तीन आठवड्यांच्या बाळाला हे समजावून सांगता येत नाही. आम्ही पलंगावर पांढरी चादर अंथरून (सोलापुरी होती, पण कडेची नक्षी फोटोत येऊ दिली नाही) वरून चाळीसेक फोटो काढले, त्यातला एक चालला. सहीच्या जागी बाळाच्या अंगठ्याचा ठसा घेतात. शाई बाळाच्या तोंडात जाण्याआधी पुसायला ओलं फडकं जवळ ठेवा.

भारतातल्या पत्त्याच्या रकान्यात घरातला एकच पत्ता सगळीकडे लिहा. नवऱ्याच्या पासपोर्टवर पेठ आणि जुना घर नंबर, बायकोच्या पासपोर्टवर माहेरचा पत्ता, आणि आता नवीन फ्लॅट जुळे सोलापुरात, असं असेल तर जिथे पत्र नक्की पोचेल आणि पोलीस चौकशीला आले तर घरात कुणी असेल, तो पत्ता धरा.

नोंद झाली की दूतावास जन्मनोंदीचं प्रमाणपत्र देतो. पासपोर्टच्या आनंदात हा कागद लोक हरवतात. पासपोर्ट पुन्हा निघेल. हा कागद जपा. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. नंतर इथूनच नवा काढताना दोन्ही पालकांच्या सहीचं परिशिष्ट डी लागतं. सोलापूर पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतं.

ब्रिटनमधल्यांसाठी अजून एक. तिथे जन्मलेलं बाळ तिथेच राहतंय तोवर व्हिसा नसला तरी अडत नाही. पण सुट्टीला सोलापूरला आणून परत न्यायचं असेल तर बाळाचा अवलंबिताचा व्हिसा हवा. गड्ड्याच्या जत्रेला म्हणून जानेवारीत आलेल्या एका जोडप्याला बाळासाठी इथे महिनाभर थांबावं लागलं. नंदीध्वज बघून झाले, शोभेचं दारूकाम झालं, बाप एकटा परत गेला.

वर्ष उलटलं तर

दार बंद होत नाही, पण जड होतं. अर्ज त्याच दूतावासात, त्याच फॉर्मवर. सोबत उशिराचं कारण सविस्तर लिहायचं, आणि मग केंद्र सरकारची परवानगी लागते. फाइल दिल्लीला गृह मंत्रालयाकडे जाते. कारण खरं लिहा आणि त्याला कागद जोडा: आजारपण असेल तर दवाखान्याचे, तिथला दाखलाच उशिरा मिळाला असेल तर त्याच्या तारखेचे. “माहीत नव्हतं” हेही कारण आहे, पण दुबळं.

सोलापुरात परतल्यावर

सासूबाईंच्या महापालिकेकडे आता येऊ. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम २० आहे. त्याचा पहिला भाग सांगतो, की दूतावासात झालेली नोंद ही या कायद्याखालीच झाली असं धरलं जातं. म्हणजे बर्मिंगहॅमचं प्रमाणपत्र असेल तर महापालिकेच्या इंद्रभुवनात जाऊन पुन्हा दाखला काढायची गरज नाही. शाळेत प्रवेशाच्या वेळी कारकून मला म्हणाले, “मॅडम, हा चालत नाही, महापालिकेचा आणा.” मी दुसऱ्या दिवशी कलम २० छापून, त्या ओळीखाली पिवळी रेघ मारून नेलं. त्यांनी दोनदा वाचलं, मुख्याध्यापकांकडे नेलं, आणि प्रवेश झाला. भांडू नका, छापून न्या.

१ ऑक्टोबर २०२३ पासून या कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार, मतदार यादी अशा ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरतात. त्यामुळे आताच्या बाळांच्या बाबतीत हा कागद आमच्या वेळेपेक्षा जास्त मोलाचा.

कलम २० चा दुसरा भाग दूतावासात नोंद न केलेल्यांसाठी. आई-वडील कायमचे राहायला भारतात परतले, तर मूल इथे आल्यापासून ६० दिवसांत ते बाळ जणू इथेच जन्मलं अशा रीतीनं स्थानिक निबंधकाकडे नोंद करता येते. ६० दिवस उलटले की उशिराच्या नोंदीचं कलम १३ लागू होतं, आणि वर्षाच्या पुढे गेलं तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. महाराष्ट्रात उशिराच्या नोंदींची छाननी अलीकडे कडक झाली आहे, तेव्हा प्रवासाचं तिकीट, पासपोर्टवरचा शिक्का, तिकडचा दाखला, सगळं बरोबर ठेवा.

पण नीट ऐका: ही नोंद जन्माची आहे, नागरिकत्वाची नाही. अमेरिकेच्या पासपोर्टवर आलेलं मूल महापालिकेच्या दाखल्यानं भारतीय होत नाही. त्याला भारतीय करायचं असेल तर भारतीय नागरिकांचं अज्ञान (अठरा वर्षांच्या आतलं) मूल म्हणून कलम ५ खाली वेगळा अर्ज असतो, तो जिल्हाधिकारी कार्यालयातून पुढे जातो, आणि आधीचं नागरिकत्व सोडण्याचा प्रश्न येतो. तो रस्ता लांबचा आहे, वकील घेऊन चालावा.

परदेशी दाखल्यावर त्या देशातून निघण्याआधीच अपोस्टिल, म्हणजे दाखला दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचं प्रमाणन, करून घ्या. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, ब्रिटन-अमेरिकाही आहेत. अमिराती त्या करारात नाही, तिथे तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं आणि आपल्या दूतावासाचं साक्षांकन चालतं. सात रस्त्याच्या झेरॉक्सवाल्याकडून हे काम होत नाही, आणि तसं सांगणारे एजंट भेटतात.

ज्यांनी तिकडचा पासपोर्ट घेतला त्यांच्यासाठी

ओसीआय कार्ड म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा, नागरिकत्व नाही. आई-वडिलांपैकी एक जण जरी भारतीय नागरिक असेल तरी अज्ञान मुलाला ते मिळतं. मतदान नाही, सरकारी नोकरी साधारणपणे नाही.

सोलापुरातल्या आजोबांचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, “नातवाचं नाव सातबाऱ्यावर लागेल का?” वारसानं लागेल. विकत घेऊन किंवा बक्षीसपत्रानं शेतजमीन मात्र ओसीआयधारकाला घेता येत नाही. म्हणजे मोहोळ-बार्शीकडची जमीन नातवाच्या नावे आत्ताच बक्षीस करून टाकू, हा बेत सोडा. दुसरा, “पुढं डॉक्टर व्हायचं म्हटलं तर?” ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआयधारक नीट, जेईई देऊ शकतात, पण अनिवासी भारतीयांच्या किंवा जादा जागांसाठीच, भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवर नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये त्या तारखेआधीच्या ओसीआयधारकांना यातून वगळलं. आज जन्मलेल्या बाळाला हा दिलासा नाही. इथल्या मेडिकल कॉलेजात नातू शिकावा असं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे पहिल्या पायरीलाच मोजावं.

अठरावं वर्ष

वंशानं भारतीय नोंदलेल्या मुलाकडे जन्मदेशाचंही नागरिकत्व असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडावं लागतं; न सोडल्यास भारतीय नागरिकत्व जातं. आमच्या मुलाला हे लागू नाही. पण कॅनडात जन्मलेली, भारतीय पासपोर्टवर वाढणारी एक मुलगी आमच्याच गल्लीत आहे. तिच्या आजोबांनी पिशवीतून डायरी काढली, शेवटच्या पानावर २०३८ मधली तारीख लिहिली आणि खाली रेघ ओढून मला विचारलं, “तवर मी नसलो तर ही डायरी कुणाकडं द्यायची?” मी म्हटलं, “दाखल्याच्याच पिशवीत ठेवा, काका.”